एका नाकपुडीचा मासा

उवाजिमाच्या खाडीकाठी, पत्र्याच्या लांब शेडमध्ये
तोकिए सकाळी सातला दिवा लावते
आणि पांढऱ्या टेबलावर ओतून घेते
बोटाएवढे मासे, नीट गुलाबीही न झालेले.
त्या मुलखात ह्या माशाला ताई म्हणतात.
माझ्या भाषेत ती थोरल्या बहिणीला मारलेली हाक.

पाण्यात गुंगीचं औषध. मासे आडवे, गप्प.
ती एकेकाला बोटाने उलटवते, सारते:
हा बरा. हा बरा. हा नाही.
ह्याचा खालचा जबडा तोकडा, तोंड कायमचं आ.
ह्याच्या कल्ल्याचं झाकण अर्धंच,
आतली लाल झालर उघड्यावर.
हा बरा.
ह्याचा कणा शेपटीपाशी असा,
जशी कुणी चिंधी पिळून तशीच ठेवून दिली.
वाकडे डावीकडच्या बादलीत.
बादली निळी आहे. तिला झाकण आहे.

"हे अंड्यातून असे येत नाहीत,"
ती नव्याने लागलेल्या सोसुकेला सांगते.
"चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू वर येतं, तिळाएवढं,
आणि हवेचा एक घोट घेतं. जन्मात एकदाच.
तेवढ्यावर आतली पिशवी फुगते.
त्या दिवशी पाण्यावर तवंग असला,
आपणच टाकलेल्या खाद्याच्या तेलाचा,
तर ते टकरा देतं, देतं, आणि खाली जातं.
मग बुडू नये म्हणून सारखी शेपूट मारत राहतं.
मारता मारता कणा वाकतो."

सोसुके विचारतो, तवंग काढायचं काम कुणाचं?
तोकिए दिव्याची मान जरा खाली ओढते.
"माझं. दहा वर्षं माझंच होतं."

नाक मात्र ती बघत नाही.
समुद्रात जन्मलेल्या ताईला
डोळ्यापुढे दोन भोकं, ह्या बाजूला दोन, त्या बाजूला दोन,
आणि दोघांमध्ये कातडीचा बारीकसा पूल.
टाकीत वाढलेल्यांत पुष्कळदा तो पूल होतच नाही.
दोन्ही भोकं मिळून एक.
त्याने पोहणं अडत नाही, वजन घटत नाही, चव तीच.
हा बरा, म्हणत ती उजवीकडे सारते.
दर उन्हाळ्यात त्यातले काही हजार
शाळेची पोरं बादल्यांनी समुद्रात सोडतात
आणि रिकाम्या बादल्या हलवून टाटा करतात.

मार्चमध्ये तिचा धाकटा भाऊ गेन्पेई
गळाला लागलेला एक घेऊन बंदरावर आला.
पाच किलोला थोडा कमी,
पाठीवरचे निळे ठिपके अजून विझले नव्हते.
कुरोबे व्यापाऱ्याने काट्यावर घालण्याआधी
अंगठ्याने त्याचं थोबाड वळवलं, वाकून पाहिलं,
आणि नाक मुरडलं.
"टाकीतला."
"आठ-नऊ वर्षं समुद्रात काढलीत त्याने! सुळे बघ. शेपूट बघ."
"नाक बघ," कुरोबे म्हणाला,
आणि निम्मा भाव सांगितला.

गेन्पेईने दिला नाही.
घरी आणून बहिणीपुढे वर्तमानपत्रावर ठेवला
आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

तोकिएने चष्मा पुसला.
एकच भोक, लांबट, शर्टाच्या काजासारखं.
तिच्याच टेबलावरून गेला असेल,
किंवा दुसऱ्या कुठल्या गावच्या, कोण सांगणार.
शार्क, जाळी, उन्हाळ्यात विषारी होणारं ते लाल पाणी,
सगळ्यांतून हा नाकासमोर पोहत राहिला,
त्याच नाकासमोर.
तिने करंगळीच्या नखाचं टोक त्या भोकात
हलकेच ठेवलं, काढलं.
ह्याने तो घोट घेतला होता.
त्या दिवशी पाणी स्वच्छ होतं.

मग सुरी शोधली. खवले ओट्याभर उडाले,
एक तिच्या भुवईला चिकटला, तो रात्रीपर्यंत तिथेच होता.
दारातून गेन्पेई म्हणाला, डोकं टाकून दे.
"नाही," ती म्हणाली, "डोकं मला."